काजेमावशींचं नेट

मी इंटरनेटच्या तारा ओढतो. एकवीस वर्षं झाली. आधी टीव्हीच्या केबलच्या ओढायचो, आता ह्या. लोकांच्या घरात शिरायचं, पलंगाखाली वाकायचं, कपाटामागे हात घालायचा आणि वर ऐकून घ्यायचं. पोरगं नापास झालं तरी दोष नेटचा आणि जावयाने फोन उचलला नाही तरी दोष नेटचाच. त्यामुळे माझं डोकं जरा लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. काजेमावशींच्या बाबतीत जे झालं, त्यात त्या तापलेल्या डोक्याचा वाटा आहे.

काजेमावशी हे नाव त्यांना इमारतीने दिलेलं. शर्टांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काजं केली. बटणं लावणाऱ्या बायका वेगळ्या, कॉलर बसवणाऱ्या वेगळ्या. ह्या फक्त काजं. कारखान्यातून सुटल्यावरही खिडकीजवळ मशीन मांडून बसायच्या, दोन शिंपी त्यांच्याकडे शर्टांचे गठ्ठे पाठवायचे. लग्न केलेलं नव्हतं. कोणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "काजं करता करता बटण राहून गेलं." आणि समोरचा हसायला लागला की पुन्हा मशीनवर पाय.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला उभंच ठेवलं. कॉलरमध्ये घालतात त्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर त्यांनी पाच कंपन्यांची नावं लिहिली होती. तिघांवर काट मारलेली. आमची चौथी. आमची कंपनी म्हणजे काय, वह्यापुस्तकांच्या दुकानावरची एक खोली, मालक, मी आणि आणखी दोघं.

"मला एकच सांग," त्या म्हणाल्या, "तुझ्या नेटवर हात दिसतात का?"

मी म्हटलं, "हात म्हणजे?"

"हात म्हणजे हात. हे." त्यांनी दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर नाचवले. "आधीचे तिघं म्हणाले, सिनेमा दिसतो, मॅच दिसते, जग दिसतं. मला जग बघायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक धाकटी बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. त्या काळी, त्या घरात, तिला कोणी शाळेत घातलं नाही. धाकटी दोन वर्षांची आणि ह्या सहा वर्षांच्या असल्यापासून दोघींनी आपसात खुणांची एक भाषा तयार केली. आईला ती अर्धीमुर्धी कळायची, वडिलांना अजिबात नाही. वडील कायम गळ्यापर्यंत बटणं लावायचे, म्हणून गळ्याशी चिमटीने बटण लावल्यासारखं केलं की ते वडील. हनुवटी खाजवली की खोटं. तळहातावर दोन बोटं चोचीसारखी टोचली की समोरची शेजारीण, कारण ती बोलताना तशी मान हलवायची. शेजारीण मरून वीस वर्षं झाली तरी कुठल्याही भोचक बाईला त्यांच्यात तीच खूण. अशा चारपाचशे खुणा. जगात दोनच माणसांना येणारी भाषा. खुणांच्या शाळेत शिकलेला कोणी आणून बसवला असता तरी त्याला ओ की ठो कळलं नसतं.

लग्न होऊन धाकटी दीड दिवसाच्या गाडीप्रवासावर गेली. नवरा छापखान्यात होता, भला माणूस, पण त्याचं बोलणं जेव, झोप, चल ह्यापलीकडे गेलं नाही. तो वारला. मुलगा आणि सून तिची काळजी घेत, पण त्यांचंही तसंच. धाकटीला आपलं नाव आणि आकडे सोडून लिहिता येत नव्हतं, त्यामुळे पत्र नाही. ऐकू येत नाही, त्यामुळे फोन नाही. चाळीस वर्षं दोघी वर्षातून एकदा आठ दिवस भेटायच्या.

"आठ दिवसांत वर्षाचं बोलायचो आम्ही," मावशी म्हणाल्या. "परत येताना गाडीत खांदे भरून आलेले असायचे. बाकीचे तीनशे सत्तावन्न दिवस ती गप्प. तिच्या घरात माणसं आहेत, पण ती गप्प."

मग सुनेकडे कॅमेऱ्याचा फोन आला, मावशींनीही घेतला. चित्रात बहीण दिसायला लागली, पण बोलणं होईना. नेट रखडत असलं की चेहरा दिसतो, कारण चेहरा जागेवर असतो. हात पळतात. चित्र जमेपर्यंत हात दुसरीकडे गेलेला असतो आणि आधीच्या जागी नुसते चौकोन पडतात. धाकटी भराभर बोलणारी. सगळ्यात स्वस्त कंपनी मावशींनी सहा महिने वापरली, त्यात त्यांना बहिणीची नुसती तुकडे-तुकडे झालेली बोटं दिसली. दुसरी महाग, तीही संध्याकाळ झाली की मान टाकायची.

मी आयुष्यात फार वेळा खरं बोललो नसेन, धंदा आहे. त्या दिवशी मात्र म्हटलं, "मावशी, मला माहीत नाही. जोडून बघू. हात दिसले नाहीत तर तार काढून घेऊन जातो."

त्यांनी चौथ्या नावाखाली रेघ मारली आणि मला बसायला स्टूल दिलं.

दुपारी चार वाजता, धाकटीच्या ठरलेल्या वेळेला, जोडणी झाली. मशीनच्या चाकाला टेकवून ठेवलेल्या फोनवर एक हसरी, रुंद कपाळाची बाई आली आणि तिने हात उचलले. बोट न बोट दिसत होतं. मावशींनी पदराने तोंड दाबलं. मग दोघी अशा सुरू झाल्या की मी तिथे आहे हेच त्या विसरल्या. खोलीत आवाज नाही, आणि तरी मला बाजारात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. तासाभराने मावशी माझ्याकडे वळल्या. "तिने तुझं नाव ठेवलंय," त्या म्हणाल्या, आणि कोपराभोवती तार गुंडाळत कपाळाला मोठी आठी घालून दाखवली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

आठ-नऊ महिने सगळं सुरळीत चाललं. इमारतीत गेलो की मी दारातून विचारायचो, "काय म्हणते धाकटी?" आणि मला सगळं कळायचं. सून भाजी जाळते, नातू खोटं बोलतो, मुलाचं पोट सुटलंय. साठीच्या पुढे गेलेल्या दोन बहिणी चाळीस वर्षांची थकलेली कुजबुज वसूल करत होत्या. रोजच भेट होते म्हणून मावशींची वर्षाची गाडीची फेरीही थांबली होती.

मग एके दिवशी ऑफिसात फोन आला. "वायरवाल्याला पाठवा. हात तुटतायत."

मी गेलो. वेग मोजायचं एक पान असतं, त्यावर काटा फिरतो. काटा व्यवस्थित. तरी तारेचं टोक बदललं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. ह्या वेळी नेटचा डबा, म्हणजे राउटर, बदलला. तिसऱ्यांदा गच्चीवरून खालपर्यंत नवीन तार टाकली, मालकाची बोलणी खाल्ली. काटा तिन्ही वेळा व्यवस्थित.

"तुझा काटा खोटं बोलतो," मावशी म्हणाल्या.

"काटा कशाला खोटं बोलेल?"

"मग मला कसं दिसत नाही? तिची बोटं कशी थरथरतायत, आधी चौकोन पडायचे तेव्हा दिसायची तशीच. नाचता येईना अंगण वाकडं."

आता हे वाक्य मला लागलं. माझ्या कामाला कोणी नावं ठेवली की माझा तोल जातो. चौथ्यांदा बोलावलं तेव्हा मी डबा उघडलासुद्धा नाही. म्हटलं, "मावशी, लाइन शंभर टक्के ठीक आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला असेल, तो तपासा."

त्या मशीनकडे वळल्या. सुई घेतली, दोरा घेतला, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर एका झटक्यात दोरा ओवला. मग दार उघडून धरलं.

त्यांनी आमची लाइन तोडली. आठवड्याभरात गच्चीवर मोठ्या कंपनीची जाड काळी तार आली. चार महिन्यांनी तीही गेली आणि आणखी एकीची आली. दर वेळी जोडणीचे पैसे, दर वेळी नवा डबा. मी गच्चीवर गेलो की त्या तारा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मनात म्हणायचो, जा, फिरा सगळ्या कंपन्या, आगीतून फुफाट्यात. आज विचार केला की कळतं, दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. त्या बाईने वर्षभर बहिणीचे हात नेटमुळेच तुटताना पाहिले होते. हात पुन्हा तुटायला लागले तर तिने दुसरा कसला विचार करायचा?

शेजारच्या घरात बिघाड होता म्हणून मी त्या मजल्यावर गेलो होतो, चारच्या सुमारास. मावशींचं दार उघडं होतं. आतून हाक आली, "वायरवाल्या, इकडे ये."

मी दारातच उभा राहिलो. "माझी लाइन नाही ती."

"माहीत आहे. तिसरी कंपनी ही. हिचंही तेच." त्यांचा आवाज थकलेला होता, भांडणाचा नव्हता. "तू चार वेळा आलास आणि चारही वेळा काट्याकडे बघितलंस. आज एकदा तिच्याकडे बघ. मग सांग, कुठली कंपनी घेऊ."

स्टूल ओढून मी फोनसमोर बसलो. धाकटी खुर्चीत होती, मागे डब्यांची फळी आणि भिंतीवर घड्याळ. ती आधीपेक्षा वाळली होती. एक हात मांडीखाली दाबून ठेवलेला, दुसऱ्याने बोलत होती, आणि तो हात खरंच अस्पष्ट होता, बोटं एकमेकांत मिसळल्यासारखी. मी धंद्यातला माणूस, सवयीने आजूबाजूला बघितलं. डब्यांवरची अक्षरं वाचता येत होती. घड्याळाचा सेकंदकाटा एकेका रेघेवर टकटक थांबत चालला होता. तेवढ्यात बाजूने सुनेचा हात पाण्याचा पेला घेऊन आत आला. पाचही बोटं स्वच्छ, एका नखाचा रंग उडालेला, तोसुद्धा दिसला.

वर्षभर साठलेलं सगळं माझ्या तोंडावाटे बाहेर पडलं. "बघा मावशी, सुनेचा हात बघा, कसा लख्ख दिसतोय. घड्याळ बघा. लाइन ठणठणीत आहे. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून झाल्यावर मी काय बोललो ते मला कळलं.

मावशी पडद्याकडे बघत होत्या. सुनेने पेला धाकटीच्या हातात दिला नाही, ओठांना लावला, आणि दुसऱ्या हाताने तिची मान धरली. पाणी थोडं हनुवटीवरून ओघळलं. तिने ते पुसलं. लाइन इतकी चांगली होती की ते सगळं दिसलं.

मावशींनी सावकाश एक खूण केली. मला ती कळली नाही, पण प्रश्न होता. धाकटीने मान खाली घातली. सुनेने फोन हातात घेतला.

"मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "वर्ष व्हायला आलं. डॉक्टर कंपवात म्हणाले. गोळ्या चालू आहेत. मला वाटलं आईंनी सांगितलं असेल, रोज तर बोलता तुम्ही दोघी."

"मी तिला रोज विचारायचे," मावशी म्हणाल्या, "लाइन खराब आहे का म्हणून. ती रोज हो म्हणायची."

मी पक्कड, टेप, सगळं शेजाऱ्यांकडे टाकून घरी गेलो. मला माझी लाज वाटली. मी जिंकलो होतो ना, आणि ज्या भांडणात जिंकलो ते त्या बाईला हरायचं नव्हतं म्हणूनच ती तीन कंपन्या फिरली होती. कंपनी वाईट असेल तर बदलता येते. मी तिचा तेवढा आधारही काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात मावशी बहिणीकडे गेल्या. तीन आठवड्यांनी परतल्या तेव्हा मी मुद्दाम भेटायला गेलो. शर्टांचे गठ्ठे तसेच पडले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, माफी मागायला आलोय हे ओळखून मला बोलूच दिलं नाही.

"जाताना मनात एक खुळी आशा होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं समोर बसले की कळेल. फोनमधून नसेल कळत, पण गुडघ्याला गुडघा लावून बसले की कळेल. समोर बसूनही तुटतातच रे. बारीक खुणा आधी गेल्या, बोटांच्या. मोठ्या राहिल्यात, खांद्यापासूनच्या. नातवाला हाक मारायची खूण राहिली, वडिलांची गेली. चिमूट जमत नाही तिला. आणि तिथे कुठली कंपनी बदलू?"

मी विचारलं, तिथेच का राहिला नाहीत. दोन खोल्या आणि पाच माणसं, मावशी स्वयंपाकघरात टेबलाखाली पाय घालून झोपत होत्या. सून काही म्हणाली नाही. धाकटीनेच त्यांना घालवलं. तिला बोलता येत नाही हे मावशींनी दिवसभर बघत बसावं, हे तिला नको होतं. ते सांगायला तिला बराच वेळ लागला आणि मावशींना ते पूर्ण कळलं, असं त्या म्हणाल्या, आणि रडल्या. मी त्यांच्यासमोर बसून राहिलो.

त्यानंतर वर्ष गेलं. एके सकाळी काजेमावशी दुकानावरचा जिना चढून आमच्या ऑफिसात आल्या. धाप लागली होती. हातात पुन्हा पुठ्ठ्याची पट्टी. तिसऱ्या कंपनीची मुदत संपत आली होती, नवीन निवडायची होती, आणि त्या मला विचारायला आल्या होत्या.

धाकटीचं मला माहीत होतं. सुनेने मधून मधून मावशींना कळवलेलं मावशी मला सांगत. आता तिचे हात मांडीवरच असायचे. चेहराही हलायचा बंद झाला होता. मी मनाशी म्हटलं, आपण आता तरी समंजसपणे वागावं. म्हणून मीच पुढे होऊन म्हणालो, "मावशी, आमची सगळ्यात लहान योजना घ्या. अर्ध्या पैशांत होईल. आता तुम्हाला जास्त वेग कशाला? नुसता चेहरा दिसायला एवढा पुरतो."

"येणारा वेग कमी असू दे," त्या म्हणाल्या. "जाणारा किती आहे?"

जाहिरातीत जो मोठा आकडा छापतात तो घरात येणाऱ्या चित्राचा असतो. घरातून बाहेर जाणाऱ्याचा आकडा वेगळा, बहुतेक कंपन्यांत पार कमी, आणि खाली बारीक अक्षरांत. एकवीस वर्षांत घरचं नेट घेणाऱ्या एकाही माणसाने मला तो विचारला नव्हता. मावशींनी तो कुठून शोधून काढला होता कोण जाणे, पण प्रत्येक नावापुढे पट्टीवर लिहून आणला होता. आमच्यापुढची जागा तेवढी रिकामी होती.

"ती बोलत नाही आता," मावशी म्हणाल्या. "पण बघते. माझ्या हातांवरून तिची नजर हलत नाही, सून सांगते. तिच्याकडून काही आलं नाही तर मी सोसेन. पण माझे हात तिच्याकडे तुटून गेले तर तिच्याशी बोलणारं ह्या जगात दुसरं कोणी नाही."

मालक कान देऊन ऐकत होता. तरी मी आमच्या योजनेचा कागद उलटा ठेवला आणि त्यांच्या पट्टीवरच्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. ती कंपनी येण्याजाण्याचा वेग सारखा देते, बिल आमच्यापेक्षा थोडंच जास्त, आणि त्यांचे लोक बोलावलं की येतात, हे मला गच्चीवर ऊठबस करून माहीत होतं. मालक दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

जोडणी झाली त्या दिवशी चार वाजता मी गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं. मी जिन्यात उभं राहून माझ्या फोनवरून धाकटीच्या घरच्या दुसऱ्या फोनवर, नंबर मावशींकडून आधीच घेतला होता, सुनेला फोन लावला आणि विचारलं, तिकडे मावशींचे हात कसे दिसतायत. ती म्हणाली, समोर बसल्यासारखे दिसतायत, आई बघतायत.

मग मी आत जाऊन स्टुलावर बसलो. फोनमध्ये धाकटीचा चेहरा होता, स्थिर, डोळे तेवढे उघडे. मावशी बोलत होत्या. शिंप्याने चुकीच्या मापाचे शर्ट पाठवले, वरच्या मजल्यावर भांडण झालं, गुडघा दुखतो, असलंच काहीतरी असावं. मधेच त्या काहीतरी विचारायच्या आणि हात खाली घेऊन थांबायच्या. धाकटीला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ त्या थांबायच्या. मग मान हलवून पुढचं सांगायला लागायच्या.